व्हीपीएन जोडलं जातं, आयपीने सर्व्हर उघडतो, पण नावाने सापडत नाही

पानपिंपळी
नमस्कार मंडळी. मी नागपूरच्या एका कंपनीचं हिशेबाचं काम घरून करते. घर म्हणजे अंजनगाव सुर्जी तालुक्यातलं आमचं गाव. फायबर अजून गावात आलेलं नाही, त्यामुळे मोबाईलचा हॉटस्पॉट हाच आधार. लॅपटॉपवर विंडोज ११ आहे आणि व्हीपीएन (घरून ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारा सुरक्षित बोगदा) विंडोजचंच, वेगळं सॉफ्टवेअर नाही.

व्हीपीएन व्यवस्थित जोडलं जातं. कंपनीच्या फाइल सर्व्हरचं नाव 'कोठार' धरू (खरी नावं इथे देत नाही). त्याचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा आकड्यांतला पत्ता, १०.२०.०.१५. आयपीला पिंग केलं तर उत्तर येतं, एक्सप्लोररमध्ये आयपी टाकला तर फोल्डरही उघडतात. पण 'कोठार' असं नाव टाकलं की सापडत नाही म्हणून संदेश येतो. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नावच भरलेलं आहे, म्हणून ते उघडतच नाही.

हाच लॅपटॉप नागपूरच्या ऑफिसात नेला की सगळं सुरळीत. परतवाड्याला मावशीकडे वायफाय आहे, तिथूनही चालतं. बिघडतं फक्त घरी, हॉटस्पॉटवर. २० तारखेच्या आत जीएसटीआर-३बी (जीएसटीचा रिटर्न) भरायचा असतो, तेव्हा दरवेळी परतवाडा गाठणं परवडत नाही. कुठून सुरुवात करू?

वऱ्हाडी_गडी
ताई, होस्ट्स फाइलमंदी नाव आन आयपी लिहून टाका, दोन मिन्टाचं काम हाय. सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी. तिथं होस्ट्स नावाची फाइल भेटते. नोटपॅड ॲडमिन म्हणून उघडा, खाली १०.२०.०.१५ लिहा, जागा सोडून कोठार लिहा, सेव्ह करा. मी माह्या सेवा केंद्रावर असंच केलं, लय दिवसापासून चालून राह्यलं.

संत्रानगरी
गडीभाऊ, आजची ३बी निघण्यापुरतं ठीक आहे. कायमचा उपाय म्हणून मात्र मी याला स्पष्ट विरोध करतो. मी नागपुरात एका ठिकाणी सर्व्हर सांभाळतो. आम्ही सर्व्हर नव्या मशीनवर हलवला, आयपी बदलला, डीएनएसमध्ये (नावावरून आयपी सांगणाऱ्या यंत्रणेत) नोंद बदलली. ऑफिसातल्या लोकांना काही कळलंही नाही. पण ज्यांनी होस्ट्स फाइलमध्ये जुना आयपी लिहून ठेवला होता ते सगळे अडकले, आणि त्यांना स्वतःला आठवतही नव्हतं की असं काही लिहिलंय. प्रत्येकाच्या लॅपटॉपवर जाऊन ती ओळ शोधावी लागली.

पूर्वी सगळं जगच असं चालायचं. अर्पानेटवरच्या, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या नेटवर्कवरच्या, मशीनची नावं एकाच यादीत असायची, ती स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवलेली असे आणि सगळे तिची प्रत उतरवून घेत. मशीन वाढल्या तशी ती यादी ताजी ठेवणं अशक्य झालं, म्हणून १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएस मांडलं. होस्ट्स फाइलवर परत जाणं म्हणजे तीच अडचण पुन्हा ओढवून घेणं.

वऱ्हाडी_गडी
बराबर हाय भाऊ तुमचं, पण तिले आज काम करा लागते. आज चालू होऊ द्या, उद्या इतिहास सांगा न.

नेटवर्क_मावशी
दोघंही भांडू नका. गडीभाऊंचा उपाय आजच्यासाठी करून ठेव, पानपिंपळी, पण त्या ओळीच्या वरती शेरा लिहून ठेव की ही तात्पुरती आहे. आणि तपासणी सुरू करण्याआधी ती ओळ काढ, नाहीतर नावाने केलेल्या पिंगचे निकाल फसवे येतील.

आता मुद्द्यावर येऊ. आयपीने चालतंय याचा अर्थ बोगदा ठीक आहे, रस्ता ठीक आहे, फायरवॉलही त्या सर्व्हरपुरती ठीक आहे. राहिला एकच प्रश्न: तुझा लॅपटॉप 'कोठार कुठे आहे' हे कोणाला विचारतोय? ऑफिसातल्या डीएनएसला विचारलं तर त्याला माहीत असणार. मोबाईल कंपनीच्या डीएनएसला विचारलं तर त्याने कुठून सांगावं? आपल्या वाडीतल्या घराचा पत्ता मुंबईच्या पोस्टमनला विचारल्यासारखं आहे ते. तो प्रामाणिकपणे नाहीच म्हणणार.

म्हणून काहीही बदलायच्या आधी एवढं कर. व्हीपीएन जोडलेलं असताना कमांड प्रॉम्प्ट उघड आणि आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल चालव. वायफायच्या आणि व्हीपीएनच्या खाली डीएनएस सर्व्हर म्हणून कोणते आकडे दिसतात ते लिही. मग एनएसलुकअप कोठार चालव, ही डीएनएसला नाव विचारून बघणारी कमांड. त्याच्या पहिल्या ओळीत कोणता सर्व्हर उत्तर देतोय ते दिसतं, ती ओळ सगळ्यात महत्त्वाची. तिसऱ्यांदा एनएसलुकअप, पुढे सर्व्हरचं पूर्ण नाव आणि त्याच्यापुढे ऑफिसच्या डीएनएसचा आयपी, म्हणजे थेट त्यालाच विचार.

तिसऱ्याचं उत्तर काळजीपूर्वक वाच. 'टाइम्ड आउट' आलं तर तो डीएनएस सर्व्हर तुझ्यापर्यंत पोचत नाही, म्हणजे रस्ता किंवा पोर्ट ५३ अडलंय. 'नॉन-एक्झिस्टंट डोमेन' आलं तर सर्व्हर पोचला, पण त्याच्याकडे त्या नावाची नोंद नाही. दोन्हीचा संदेश वापरणाऱ्याला 'सापडत नाही' असाच दिसतो, पण उपाय अगदी वेगळे.

पऱ्हाटी
मी हिंगणघाटकडच्या एका जिनिंगवर मुनीम आहे. हंगामात गाड्या रात्रीबेरात्री लागतात आणि वजनकाट्याची नोंद शहरातल्या कार्यालयाच्या सर्व्हरवर जाते. आमच्याकडेही असंच झालं होतं, फक्त आमच्याकडे आयपीनेसुद्धा चालत नव्हतं. कारण भलतंच निघालं. जिनिंगच्या राउटरचा पट्टा (आयपीचे सुरुवातीचे आकडे) १९२.१६८.१ आणि शहरातल्या कार्यालयाचाही १९२.१६८.१. लॅपटॉपला वाटायचं सर्व्हर इथेच, याच खोलीत आहे, म्हणून तो व्हीपीएनकडे वळायचाच नाही. इथल्या राउटरचा पट्टा १९२.१६८.७७ केला आणि सुटलं. ताई, तुम्ही एकदा बघून घ्या.

संत्रानगरी
पऱ्हाटीभाऊ, हा अनुभव खूप जणांच्या कामाचा आहे, कारण बहुतेक घरगुती राउटर १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ घेऊनच येतात. पण पानपिंपळीताईंचा सर्व्हर १०.२० मध्ये आहे आणि आयपीने उघडतोय, म्हणून त्यांचं दुखणं हे नाही.

मेळघाट_वारा
धारणीहून लिहितोय. इथे नेटवर्क मिळण्यासाठी घराच्या माडीवर चढावं लागतं, म्हणून उशिरा लिहिलं तर सांभाळून घ्या. माझा प्रश्न जवळचाच आहे. माझ्या फोनवर व्हीपीएन लावलं की संस्थेची साइट नावाने उघडत नाही. फोनच असला तरी याच धाग्यात विचारू ना?

नेटवर्क_मावशी
विचारा की. फोनच्या सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' असा पर्याय असतो, अँड्रॉइड ९ पासून आहे. तिथे एखाद्या बाहेरच्या सेवेचं नाव भरलेलं आहे का बघा. भरलेलं असेल तर फोन सगळी नावं पोर्ट ८५३ वरून कूटबद्ध करून त्या सेवेलाच विचारतो आणि संस्थेच्या डीएनएसला बाजूला ठेवतो. 'ऑटोमॅटिक' करून पाहा.

पूर्णाकाठ
ब्राउझरचंही बघा. ब्राउझरमध्ये 'सिक्युअर डीएनएस' चालू असेल तर तो स्वतःच पोर्ट ४४३ वरून बाहेरच्या डीएनएसला विचारतो, लॅपटॉपच्या सेटिंगशी त्याचा संबंध राहत नाही. पिंग नावाने चालतं आणि ब्राउझरमध्ये नाव चालत नाही, असं दिसलं की पहिला संशय त्याच्यावर.

आणि भार नियमनाचं काय करता सगळे? आमच्याकडे लाइन गेली की टॉवरही थोड्या वेळाने मान टाकतो.

वऱ्हाडी_गडी
टॉवरची ब्याटरी जुनी झाली असंन भाऊ. मी राउटर आन लॅपटॉप दोन्ही इन्व्हर्टरवर घेतले. पण टॉवरच गेला त काय करता, केंद्रासमोर लोकं सातबारा घेऊन उभे राह्यतात आन मी त्याइच्याकडे पाह्यतो.

पऱ्हाटी
दोन कंपन्यांची सिम ठेवा. आमच्या काट्यावर तसंच केलंय, एक टॉवर गेला तर दुसरा बहुतेकदा जिवंत असतो. मात्र सिम बदललं की व्हीपीएन तुटतं, परत जोडावं लागतं, हे काटेवाल्याला शिकवून ठेवावं लागतं.

मेळघाट_वारा
मावशी, प्रायव्हेट डीएनएसमध्ये खरंच एक नाव भरलेलं होतं. जाहिराती अडवायला कोणीतरी भरून दिलं असणार. ऑटोमॅटिक केलं, साइट उघडली. मनापासून आभार.

पानपिंपळी
मावशी, सांगितल्याप्रमाणे केलं. होस्ट्स फाइलमधली ओळ आधी काढली.

आयपीकॉन्फिगमध्ये व्हीपीएनच्या खाली डीएनएस सर्व्हर १०.२०.०.५ दिसतो. वायफायच्या खाली दोन दिसतात, एक हॉटस्पॉटचा नेहमीचा आकडा आणि त्याच्या वरती एक लांबलचक, एफई८० ने सुरू होणारा.

एनएसलुकअप कोठार केलं तर पहिल्या ओळीत तोच लांबलचक पत्ता, आणि उत्तर 'नॉन-एक्झिस्टंट डोमेन'.

एनएसलुकअप कोठार.कचेरी.लॅन १०.२०.०.५ केलं तर लगेच १०.२०.०.१५ असं बरोबर उत्तर आलं!

नेटवर्क_मावशी
सापडलं. तो लांबलचक पत्ता म्हणजे आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांचा नवा, लांब प्रकार; जुना तो आयपीव्ही४), आणि तो आहे तुझा फोन. आपल्याकडच्या मोबाईल जोडण्यांवर आता आयपीव्ही६ सर्रास मिळतं. हॉटस्पॉट लावला की फोन ते लॅपटॉपलाही देतो आणि सोबत 'डीएनएस मला विचार' असंही कळवतो. तुझं व्हीपीएन फक्त आयपीव्ही४ पुरतं आहे. म्हणून आयपीव्ही६ चा डीएनएस बोगद्याच्या बाहेर राहिला, आणि लॅपटॉप पहिल्यांदा त्यालाच विचारतोय. परतवाड्याच्या वायफायवर बहुधा आयपीव्ही६ नसावं, म्हणून तिथे चालतं. त्या राउटरचं आयपीकॉन्फिग कधी टाकलंस तर नक्की कळेल.

खारपाणपट्टा
मग आयपीव्ही६ बंदच करून टाकायचं ना. वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन खूण काढली की झालं. अकोल्याला आमच्या ऑफिसात सगळ्यांच्या लॅपटॉपवर बंदच ठेवलंय.

संत्रानगरी
खारपाणपट्टाभाऊ, निदान पक्कं करायला एकदा खूण काढून बघणं योग्य. कायम बंद ठेवणं मला पटत नाही. मोबाईल नेटवर्क आयपीव्ही६ कडेच चाललंय. तिथला आयपीव्ही४ बहुतेकदा कॅरिअर-ग्रेड नॅटच्या मागे असतो, म्हणजे एक सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला. खेड्यात जिथे मोबाईलशिवाय दुसरी जोडणीच नाही, तिथल्या माणसाला आयपीव्ही६ बंद करायला सांगणं म्हणजे त्याच्या दोन रस्त्यांपैकी मोकळा रस्ता आपण बंद करणं. दुरुस्ती ऑफिसच्या बाजूने व्हायला हवी. ताईंनी आपला लॅपटॉप वाकवत बसायचं आणि ऑफिसने काहीच करायचं नाही, हे बरं नव्हे.

खारपाणपट्टा
पटतंय, पण ऑफिसवाले ऐकतात का? दूर गावातून काम करणाऱ्याची तक्रार आली की 'तुमचं नेटच खराब आहे' एवढंच उत्तर मिळतं. सगळीकडे हाच अनुभव.

नेटवर्क_मावशी
म्हणूनच पुरावा हातात घेऊन जायचं. 'नेट खराब' म्हणणाऱ्यासमोर ते दोन एनएसलुकअप ठेवायचे. एकात चुकीच्या सर्व्हरने उत्तर दिलंय, दुसऱ्यात त्याच बोगद्यातून, त्याच हॉटस्पॉटवरून ऑफिसच्या डीएनएसने बरोबर उत्तर दिलंय. नेट खराब असतं तर दुसरं आलंच नसतं. माझ्याकडे अशी तक्रार आली तर मी त्या माणसाचे आभार मानते, कारण अर्धं काम त्यानेच केलेलं असतं.

ऑफिसला मागायचं ते असं. एक, व्हीपीएनच्या प्रोफाइलमध्ये डीएनएस प्रत्यय कचेरी.लॅन भरा, म्हणजे नुसतं 'कोठार' टाकलं तरी लॅपटॉप त्याला पूर्ण नाव करून विचारेल. ऑफिसात छोट्या नावाने चालतं याचं एक कारण हा प्रत्यय तिथे आपोआप मिळतो हे आहे. दुसरं कारण म्हणजे एकाच लॅनवर विंडोज ओरडून विचारते, 'कोठार कोण आहे रे?', आणि शेजारचं मशीन हात वर करतं. ती आरोळी व्हीपीएनच्या पलीकडे जात नाही.

दोन, एनआरपीटीचा नियम. विंडोजमध्ये असा नियम करता येतो की .कचेरी.लॅन ने संपणारं कोणतंही नाव असेल तर १०.२०.०.५ लाच विचार, बाकी जगाची नावं नेहमीप्रमाणे. नियमात सुरुवातीचा टिंब विसरू नये, नाहीतर तो फक्त त्या एका नावाला लागू होतो. हा नियम असला की आयपीव्ही६ चालू राहिलं तरी फरक पडत नाही.

पऱ्हाटी
अंजनगाव सुर्जीला १८०३ मध्ये शिंदे आणि इंग्रजांचा तह झाला होता. आता तुमच्या फोनचा आणि व्हीपीएनचा तह तिथेच होऊ द्या.

पानपिंपळी
पऱ्हाटीभाऊ, त्या तहात आपल्याकडची माणसं हरली होती, हा तरी जिंकून देणारा असू दे! ऑफिसला दोन्ही एनएसलुकअपची चित्रं आणि मावशींनी सांगितलेले दोन मुद्दे पाठवलेत.

पूर्णाकाठ
उत्तर येईपर्यंत माझा घोळ मांडतो. मी उबंटूवर आहे आणि आमचं व्हीपीएन वायरगार्ड आहे. त्यातही नाव सापडत नव्हतं. माझ्याकडे कॉन्फिगमध्ये डीएनएसची ओळ होती, पण 'अलाउड आयपीज' (बोगद्यातून पाठवायचे पत्ते) मध्ये फक्त सर्व्हरचा पट्टा होता, डीएनएस सर्व्हर वेगळ्या पट्ट्यात असल्याने त्याच्याकडे जाणारं पाकीट बोगद्यात शिरतच नव्हतं. एनएसलुकअप 'टाइम्ड आउट' देत होतं, म्हणजे मावशींनी सांगितलेला पहिला प्रकार. तो पट्टा जोडला आणि आता उत्तर येतं, पण वायरगार्ड चालू असताना यूट्यूबपासून बँकेपर्यंत सगळी नावं ऑफिसच्याच डीएनएसला विचारली जातात. ते मला नको आहे. फक्त ऑफिसची नावं तिकडे जावीत.

संत्रानगरी
ओपनव्हीपीएनवाल्यांनीही ऐका, कारण तिथे उलटा प्रकार होतो. सर्व्हरच्या बाजूने डीएनएस ढकलला नाही तर क्लायंट घरचाच डीएनएस वापरत बसतो. 'ब्लॉक-आउटसाइड-डीएनएस' नावाचा पर्याय आहे, तो बाहेरचे सगळे डीएनएस अडवतो, पण तो फक्त विंडोजवर चालतो. पूर्णाकाठभाऊ, तुमच्यासाठी रिझॉल्व्हसीटीएल ही डीएनएसची सेटिंग बदलणारी कमांड आहे, मावशी नीट सांगतील.

पानपिंपळी
मंडळी, ऑफिसातून फोन आला. तिथल्या दादांनी चित्रं पाहून लगेच मान्य केलं. त्यांनी माझ्या लॅपटॉपवर दूरून प्रत्यय भरला आणि एनआरपीटीचा नियम टाकला. साठवलेली जुनी उत्तरं पुसायला आयपीकॉन्फिग स्लॅश फ्लशडीएनएस चालवलं. कोठार उघडलं! हिशेबाचं सॉफ्टवेअरही चालू झालं, आयपीव्ही६ तसंच चालू आहे.

पण एक शंका आहे. एनएसलुकअप कोठार केलं तर अजूनही 'नॉन-एक्झिस्टंट डोमेन' येतंय, पहिल्या ओळीत तोच फोन. पिंग कोठार मात्र बरोबर आयपी दाखवतं. हे अर्धवट तर राहिलं नाही ना?

नेटवर्क_मावशी
अजिबात अर्धवट नाही. एनएसलुकअप विंडोजच्या नाव शोधणाऱ्या यंत्रणेला वळसा घालून थेट एका डीएनएस सर्व्हरला विचारतं. एनआरपीटीचे नियम ते पाळत नाही, होस्ट्स फाइलही वाचत नाही. पिंग, एक्सप्लोरर, तुझं सॉफ्टवेअर हे सगळे विंडोजला विचारतात, आणि विंडोज नियम पाळते. खात्री करायची असेल तर पॉवरशेलमध्ये रिझॉल्व्ह-डीएनएसनेम ही कमांड पूर्ण नावाने चालव, ती नियम पाळते.

फ्लशडीएनएस का लागलं तेही लक्षात ठेव. 'असं नाव नाही' हे उत्तरसुद्धा विंडोज काही काळ जपून ठेवते. दुरुस्ती झाली तरी जुनं 'नाही' पुढे येत राहतं आणि माणूस बरोबर केलेली दुरुस्ती परत मोडून बसतो.

पानपिंपळी
रिझॉल्व्ह-डीएनएसनेमने १०.२०.०.१५ दिला. मावशी, संत्रानगरीभाऊ, गडीभाऊ, सगळ्यांचे आभार. ऑफिसचे दादा म्हणाले की आमच्यासारखे घरून काम करणारे आणखी आहेत, मेहकरला, पुसदला, तेही हॉटस्पॉटवर. त्या सगळ्यांच्या लॅपटॉपवर हाच नियम एकदम टाकणार आहेत.

वऱ्हाडी_गडी
लय चांगलं झालं ताई. आता माह्या केंद्रावरची होस्ट्स फाइलही काढतो बावा. संत्रानगरीभाऊ, तुमचा फोन आला असं समजून आजच काढतो.

संत्रानगरी
आधी त्या सर्व्हरवाल्यांकडून डीएनएसचा आयपी घ्या, एनएसलुकअपने थेट त्यालाच विचारून बघा, बरोबर उत्तर आलं की मगच ती ओळ काढा. सातबारावाली रांग उभी असताना काढू नका.

आणि ज्यांना नवीन नेटवर्क उभारायचंय त्यांनी आतल्या नावांना .लोकल शेपूट लावू नये. ते शेपूट २०१३ पासून एमडीएनएससाठी (एकाच नेटवर्कवरची मशीन एकमेकांना नाव विचारतात त्या पद्धतीसाठी) राखून ठेवलेलं आहे, मॅक आणि लिनक्स त्यावर अडखळतात. २०२४ मध्ये आयकॅनने (इंटरनेटवरची नावं सांभाळणाऱ्या संस्थेने) .इंटर्नल हे खाजगी वापरासाठी राखलं आहे, ते घ्यावं.

नेटवर्क_मावशी
पूर्णाकाठ, तुझं राहिलं. उबंटूवर रिझॉल्व्हसीटीएल डोमेन, पुढे वायरगार्डच्या जोडणीचं नाव, पुढे लाटेची खूण (~) आणि तिला चिकटून ऑफिसचं डोमेन, असं चालव. ती लाट म्हणजे 'एवढीच नावं इकडे पाठव' असा निर्देश. तुझ्या कॉन्फिगमध्ये नुसती लाट आणि टिंब असं काही असेल तर ते काढ, त्याचा अर्थ 'सगळीच नावं इकडे' असा होतो. मग रिझॉल्व्हसीटीएल स्टेटसमध्ये बघ.

पूर्णाकाठ
केलं. यूट्यूब आणि बँक आता घरच्या डीएनएसला जातंय, ऑफिसची पूर्ण नावं वायरगार्डकडे. फक्त छोटं नाव टाकलं तर सापडत नाही, पूर्ण टाकावं लागतं.

नेटवर्क_मावशी
लाट काढून नुसतं डोमेन दे. लाट असली की डोमेन फक्त रस्ता दाखवायला वापरलं जातं. लाट नसली की ते रस्ताही दाखवतं आणि छोट्या नावाच्या शेवटी प्रत्यय म्हणूनही लागतं.

पूर्णाकाठ
लागलं. छोटं नावही चालतंय, बँक अजून घरच्याच डीएनएसवर आहे. हेच वायरगार्डच्या फाइलमध्ये पोस्टअपच्या ओळीत टाकतो, म्हणजे लाइन जाऊन आली आणि जोडणी पुन्हा उठली तरी आपोआप लागेल.